आधी जेवू दे

एकतीस वर्षं मी तार्तूच्या शाळेत काचा पुसल्या.
नऊशे बारा तावदानं. मोजलेली आहेत,
दुसरं कोण मोजणार होतं?
काच अशी हवी की पाखराला आकाश वाटावं.
दोन पाखरांना वाटलं. त्याबद्दल मी बोलत नाही.

भाचा रास्मुस फिनलंडला गेला, बोटी बांधायला,
आणि जाताना समुद्र माझ्या स्वयंपाकघरात ठेवून गेला:
दोनशे लिटर, एक पंप, मिठाची बादली,
आणि बोटाएवढा, मातकट, ठिपक्याठिपक्यांचा
एक चेहरा.
चेहराच म्हणते. बाकीचा मासा दगडाच्या भोकात असायचा.
कपाळावर दोन झुलपं, डोळे असे
की एक माझ्यावर, एक चहाच्या किटलीवर.
आमचे जुने हेडमास्तर लाउर असेच
दारातून अर्धे बाहेर येऊन बघत.
म्हणून हा लाउर.

"याला काही घालावं लागत नाही, मावशी.
शेवाळ खातो. स्वतःचं स्वतः बघतो."
स्वतःचं स्वतः बघणाऱ्यांवर माझा विश्वास
पहिल्यापासून कमी.

लाउर काचेला तोंड लावायचा आणि सुटायचा,
मागे जाड ओठांचा ठसा.
फणीसारखे दात हिरव्या धुरकटीत
बारीक रेघा ओढून ठेवायचे.
सकाळी त्या दिसल्या की माझे हात शिवशिवायचे.
चुंबकाची घासणी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
मग दगड, दातांच्या जुन्या ब्रशनं.
शेजारची आइमे म्हणाली, आत पाणी आहे की नाही?
मला इतकं बरं वाटलं की तिला उरलेला केक बांधून दिला.

डिसेंबरात उजेड साडेतीनला आवरतं घेतो.
नदीच्या काठाला बर्फाची साय धरली
आणि लाउर भोकाबाहेर येईनासा झाला.
पोट खपाटीला.
बाजूनं बघितलं तर मासा,
समोरून बघितलं तर चाकूची धार.
समुद्री पाल्याचा तुकडा दिला: बघितला, एका डोळ्यानं.
कोळंबीचा चुरा दिला: अंगावर पडू दिला.

बाटलीत पाणी भरून दुकानात गेले.
प्रीत नावाचा पोरगा, मनगटापर्यंत गोंदलेला.
नळ्यांत थेंब टाकले, रंग बघितले, म्हणाला,
इतकं स्वच्छ पाणी इथे कोणी आणत नाही.
मग विचारलं, काच कशी ठेवता?
मी सांगितलं. ताठ मानेनं सांगितलं.
तो जरा वेळ काउंटरवर सांडलेलं मीठ
बोटानं गोळा करत राहिला.
"बाई, तो जेवायला बसायच्या आधीच
तुम्ही त्याचं ताट घासून ठेवताय."

बसमध्ये जागा होती. मी उभीच राहिले.

आता खिडकीत लोणच्याच्या सहा बरण्या आहेत.
प्रत्येकीत टाकीतलं पाणी, एक दगड,
वर टेबललँप, रात्री अकरापर्यंत.
घाण काढायची कशी ते मला विचारा.
आणायची कशी, ते शिकायला
हात मांडीखाली घेऊन बसावं लागलं.
बाराव्या दिवशी दुसऱ्या बरणीत
हिरवट असं काहीतरी.
चष्मा पुसला. चष्म्यावर नव्हतं.

तो दगड आत सोडला तेव्हा रात्र होती.
लाउर बराच वेळ नुसता बघत राहिला, मग आला,
पुढचे पर कोपरांसारखे टेकून बसला
आणि खरवडायला लागला.
आवाज येत नाही त्याचा. तरी मी पंप बंद केला, मिनिटभर.

रास्मुसचा फोन आला: काच स्वच्छ आहे ना, मावशी?
नाही, म्हटलं. म्हणताना
अंगात काहीतरी आळस दिल्यासारखं मोकळं झालं.
आइमेनं बरण्या बघितल्या,
आणि जाताना माझ्या कपाळाला हात लावून गेली.

पोट आता जरा भरलंय त्याचं, वाटाण्याएवढं.
तिसरी बरणी मात्र अजून पांढरीशुभ्र.
जागा बदलली, दिवा जवळ आणला.
कसा घासला होता मी तो दगड,
देव जाणे.